सल्लागाराची मुलाखत : ‘का’ विचारू नका, ‘शेवटचं कधी’ ते विचारा



कन्सल्टिंगमध्ये उतरू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की चांगला रिपोर्ट लिहिता आला, एक्सेल जमलं, पीपीटी झकास झाली की आपण सल्लागार झालो. पण रिपोर्टमध्ये लिहायचं काय, ते येणार कुठून? मोठ्या कंपनीत निदान डेटा तरी असतो. भोसरी, चिंचवड, नऱ्हे, हडपसर या भागातल्या वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये अर्ध्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात. त्या माणसांच्या डोक्यात असतात. त्या बाहेर काढायला एकच साधन आहे, समोर बसून बोलणं. यालाच आपण मुलाखत म्हणतो. व्हिडिओत हा विषय वरवर झाला होता, आज नीट बघू.

पहिली सूचना शब्दाबद्दलच. क्लायंटच्या शॉप फ्लोअरवर ‘मुलाखत’ किंवा ‘इंटरव्ह्यू’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कामगाराला इंटरव्ह्यू म्हणजे नोकरी, हे एकच समीकरण माहीत असतं. मालकाने बाहेरचा माणूस आणलाय आणि तो एकेकाचा इंटरव्ह्यू घेतोय म्हटल्यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी फिरते की माणसं कमी करणार आहेत. मग तुम्हाला जे मिळतं ते सगळं गोड गोड. ‘काम समजून घ्यायला आलोय, जरा दाखवता का?’ एवढं पुरतं. आणि ते खरंही आहे.

मालकापासून सुरुवात, पण तिथे थांबायचं नाही

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. समजा भोसरी एमआयडीसीत एक मशीन शॉप आहे. चोवीस माणसं, दोन शिफ्ट. माल चाकणच्या एका पार्टीला जातो. पार्टीची तक्रार आहे की डिलिव्हरी सतत दोन-तीन दिवस उशिरा येते, असंच चाललं तर ऑर्डर दुसरीकडे देऊ. मालकाने तुम्हाला बोलावलंय.

मालकाशी पहिल्या भेटीत तुम्ही विचारलंत, ‘उशीर कशामुळे होतो?’ उत्तर तयारच असतं : ‘पोरं काम करत नाहीत हो. मोबाईल सुटत नाही हातातून.’ हे ऐकून घ्या, लिहून घ्या, पण हे उत्तर नाही. हे मालकाचं मत आहे. त्याच्याकडून तुम्हाला वेगळी माहिती हवी आहे. त्याने तुम्हाला आत्ताच का बोलावलं? तक्रार तर वर्षभर होती, मग या महिन्यात नेमकं काय घडलं? शेवटची ऑर्डर लेट झाली तेव्हा पार्टीचा फोन कोणाला आला, तुम्ही काय बोललात, मग काय केलंत? या प्रश्नांची उत्तरं मत म्हणून देता येत नाहीत, घटना सांगावीच लागते.

पुण्यातले बरेच छोटे उद्योग घरचे आहेत. वडिलांनी सुरू केलं, आता मुलगा बघतोय, वडील दुपारी चक्कर मारतात. अशा ठिकाणी दोघांना एकत्र बसवून बोलू नका. वडिलांसमोर मुलगा बोलणार नाही, आणि मुलासमोर वडील जरा जास्तच बोलतील. दोघांशी वेगवेगळं बोला, एकाचं दुसऱ्याला सांगू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी कोणाला बसवलंत तर त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असणार. महिनाअखेरीला बिलिंगची धावपळ असते, तेव्हा तुम्ही म्हणजे अडथळा. पगार व्हायच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको.

‘का’ हा शब्द मराठीत वाईट आहे

थोडं विचित्र वाटेल, पण ऐका. टोयोटाच्या ताइची ओहनो यांनी रुजवलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत तुम्ही वाचली असेल. पद्धत उत्तम आहे. पण ती आहे प्रक्रियेला प्रश्न विचारण्याची. तीच जशीच्या तशी माणसाच्या तोंडावर वापरली की घोटाळा होतो. आपल्याकडे ‘का?’ हा प्रश्न लहानपणापासून कोण विचारत आलंय? ‘उशीर का झाला?’ ‘गृहपाठ का नाही केला?’ शाळेत गुरुजी, घरी वडील, कंपनीत सुपरवायझर. ‘का’ ऐकलं की माणूस खुलासा द्यायला लागतो. खुलासा म्हणजे बचाव. आणि बचावात माहिती मिळत नाही.

आपल्या मशीन शॉपमध्ये डिस्पॅचला बसणाऱ्या दादांना विचारून बघा :

‘डिस्पॅचला उशीर का होतो?’

‘आमच्याकडनं नाही होत सर. मागनंच लेट येतं.’

संपलं. आता मागच्याला विचारा, तो आणखी मागे बोट दाखवेल. दिवसभर फिरून तुमच्या वहीत फक्त बोटं जमतील.

आता दुसऱ्या पद्धतीने :

‘दादा, चाकणला शेवटचं गेलेलं चलन आहे का हाताशी? बघू जरा.’

‘हे घ्या. शनिवारचं.’

‘हा माल मशीनवरून उतरला कधी?’

‘सोमवारी. सेकंड शिफ्टला.’

‘मग कुठे गेला?’

‘इथेच होता. त्या कोपऱ्यात. प्लेटिंगला जायचा होता ना.’

‘प्लेटिंगला कधी गेला?’

‘बुधवारी संध्याकाळी. गाडी भरली की जातो.’

‘गाडी भरली की म्हणजे?’

‘अर्धी गाडी पाठवायची नाही, असं सांगितलंय.’

बघा काय मिळालं. सोमवारी तयार झालेला माल बुधवारी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात पडून. गुरुवारी प्लेटिंगवाल्याला सुट्टी. शुक्रवारी काम झालं, शनिवारी माल परत येऊन चाकणला गेला. पाच दिवसांत प्रत्यक्ष प्लेटिंग एक दिवसाचं. मशीनवरच्या पोरांचा आणि त्यांच्या मोबाईलचा इथे काही संबंधच नाही. छोटा हत्ती भरायची वाट बघण्यात ऑर्डर चाललीय.

या संवादात एकही ‘का’ नाही. आहे ते ‘शेवटचं’, ‘कधी’, ‘कुठे’, ‘मग’ आणि ‘म्हणजे’. या पाच शब्दांवर अख्खी मुलाखत चालते. त्यातही ‘म्हणजे’ माझा सगळ्यात आवडता. समोरच्याला जी गोष्ट रोजची, म्हणून सांगण्यासारखी वाटत नाही, ती ‘म्हणजे’ विचारल्यावर बाहेर येते. ‘सहसा’, ‘नेहमी’, ‘साधारण’ असे शब्द प्रश्नात वापरू नका. ‘साधारण किती वेळ लागतो?’ असं विचारलंत की नियमात लिहिलेलं उत्तर मिळतं. ‘काल किती लागला?’ विचारलंत की खरं मिळतं.

काही शब्द कानावर आले की तिथेच थांबायचं : ‘ॲडजस्ट करतो’, ‘जमवून घेतो’, ‘चालतंय तसं’. कोणी ‘ॲडजस्ट करतो’ म्हणालं, की समजा तिथे काहीतरी मोडलेलं आहे आणि हा माणूस रोज ते स्वतःच्या अंगावर घेऊन चालवतोय. ‘कालचं ॲडजस्टमेंट सांगा ना’ असं म्हणा, आणि गप्प बसा.

गप्प बसणं हे खरं कौशल्य. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे 1928 ते 1930 या काळात 21 हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेली प्रश्नावली होती. कामगार मात्र प्रश्न सोडून भलतंच बोलत राहायचे. शेवटी पद्धतच बदलली : प्रश्नावली बाजूला ठेवायची, कामगार ज्या विषयावर बोलेल त्यावर बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आधी अर्ध्या तासात उरकणारी मुलाखत मग तास-दीड तास चालू लागली. तुम्हाला एवढा वेळ मिळणार नाही, चाळीस मिनिटं मिळाली तरी खूप झाली. पण त्या चाळीसमध्ये तुमचं स्वतःचं बोलणं दहा मिनिटांच्या वर गेलं, तर तुम्ही मुलाखत घेत नसून भाषण देताय.

एकाच माणसावर, एकाच शिफ्टवर जाऊ नका

पिंपळे सौदागर म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांसमोर टॉवर, मॉल आणि ट्रॅफिक येतो. शंभरेक वर्षांपूर्वी ते पवनेच्या काठचं साधं खेडं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी या गावाची पाहणी केली आणि 1917 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. भारतातल्या गावपाहण्यांमध्ये ही फार आधीची पाहणी. त्यांनी गावाचा एकूण अंदाज बांधला नाही, कुटुंबागणिक हिशोब मांडला. शेतीतून काय येतं, बाहेरच्या मजुरीतून काय येतं, आणि घर चालायला काय लागतं. तो हिशोब असा निघाला : 103 कुटुंबांपैकी फक्त 8 कुटुंबांचं नुसत्या शेतीवर भागत होतं. आणखी 28 कुटुंबं बाहेरची कमाई धरून तोंडमिळवणी करत होती. उरलेल्या 67 कुटुंबांचं दोन्ही धरूनही भागत नव्हतं.

गावाची बेरीज करून सरासरी काढली असती, तर हे तीन गट एकमेकांत मिसळून गेले असते. कन्सल्टिंगमध्ये नेमकं हेच होतं. ‘आमच्याकडे रिजेक्शन साधारण एवढं’ हा आकडा मालक सांगतो, तेव्हा तो कुठल्या मशीनचा, कुठल्या शिफ्टचा, कुठल्या पार्टचा हे त्यात बुडालेलं असतं. म्हणून एकेका मशीनवर उभं राहून विचारायचं.

मान तिथे थांबले नाहीत. पुढे न. वि. कानिटकर यांच्यासोबत त्यांनी शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं, ते पुस्तक 1921 मध्ये आलं. शहरालगतच्या गावावरून सगळ्या दख्खनबद्दल बोलता येत नाही, त्यासाठी लांबचं कोरडवाहू गावही बघावं लागतं. तुमच्यासाठी याचा अर्थ : सेकंड शिफ्टला जा. संध्याकाळी सातनंतर मालक घरी गेलेला असतो, सुपरवायझर एकच असतो, आणि कारखाना वेगळाच दिसतो.

चोवीस माणसांच्या युनिटला आठ-नऊ मुलाखती पुरतात. क्रम मी असा ठेवतो : मालक, मग मशीनवरचे दोन-तीन ऑपरेटर, स्टोअर, डिस्पॅच, हिशोब बघणाऱ्या ताई, त्यानंतर सुपरवायझर, आणि मालकाची परवानगी घेऊन एक तरी ग्राहक. सुपरवायझर मुद्दाम उशिरा. तो आधी भेटला की कोणाशी बोलायचं हे तोच ठरवून देतो, आणि तुमच्या पुढ्यात त्याची दोन आवडती माणसं येतात. हिशोबाच्या ताईंना मात्र विसरू नका. कुठली पार्टी पैसे अडकवते, कुठलं चलन दोनदा बदललं, ओव्हरटाइम कोणाचा किती, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आणि त्यांना कधी कोणी विचारलेलं नसतं.

बोलण्याचा सूरही सांभाळा. हेल्परला सुद्धा ‘तुम्ही’. वयाने मोठा ऑपरेटर असेल तर ‘मामा’ किंवा ‘काका’, जसं तिथे म्हणत असतील तसं. बिहार, यूपी, ओडिशाची मुलं असतील तर सरळ हिंदीत बोला, तिथे मराठीचा आग्रह कामाचा नाही. मशीन चालू असताना माणसाला बोलतं करू नका, जॉब बिघडला तर ओरडा त्याला बसतो. आणि केबिनमध्ये बोलावण्यापेक्षा त्याच्या जागेवर उभं राहून विचारा. हात दाखवून सांगता येतं तिथे माणूस मोकळा होतो.

‘कोण बोललं तेवढं सांगा’

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही मालकाकडे परत जाता. चहा येतो. तुम्ही सांगता की माल प्लेटिंगला जायच्या आधी पडून राहतो. मालक दोन मिनिटं ऐकतो आणि मग सहज विचारतो, ‘हे कोण बोललं तुम्हाला?’ आवाजात राग नसतो. पण गाडी भरल्याशिवाय सोडू नका, हे त्यानेच कधीतरी सांगितलेलं असतं. मागे एकदा अर्धी रिकामी गाडी गेली होती, भाड्यावरून त्याने आवाज चढवला होता, आणि तेव्हापासून तो नियम झाला. आता डिस्पॅचच्या दादांचं नाव तुमच्या तोंडून निघालं, तर ‘मालकाची चूक बाहेरच्याला सांगणारा माणूस’ असा शिक्का त्यांच्यावर बसतो. तुम्ही तुमचं बिल घेऊन जाल. त्यांना उद्या सकाळी तिथेच यायचंय, आणि घर त्या पगारावर चालतंय.

चोवीस जणांच्या ठिकाणी नाव न घेताही नाव कळतं, हे लक्षात ठेवा. ‘डिस्पॅच विभागाचं म्हणणं असं’ असं लिहिलंत, तर डिस्पॅच विभागात आहे कोण? एकच माणूस. म्हणून मी तीन गोष्टी पाळतो.

एक, प्रपोजलमध्येच एक ओळ असते : मुलाखतीत कोण काय बोललं याचा तपशील क्लायंटला दिला जाणार नाही. मालकाची सही त्यावर आधीच झालेली असते, म्हणून चहाच्या वेळी वाद होत नाही. यावर सही करायला जो तयार नाही, त्याचं काम मी घेत नाही. सुरुवातीच्या दिवसांत हे जड जातं, माहीत आहे. तरी पाळा.

दोन, ऐकलेली गोष्ट रिपोर्टमध्ये जशीच्या तशी जात नाही, तिचा कागद शोधायचा. गाडी थांबते हे दादांनी सांगितलं, पण ते सिद्ध करायला दादा लागत नाहीत. मागच्या दोन महिन्यांची चलनं काढा, जॉब कार्डवरची तारीख, गेट रजिस्टरमधली गाडीची वेळ, प्लेटिंगवाल्याकडची आवक. चारही कागद शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप दिसते. शिवाय टेम्पोच्या ड्रायव्हरशी बोला, प्लेटिंगवाल्याशी बोला. मग मालकाला म्हणायचं, ‘साहेब, ही दहा चलनं बघा. माल तयार झाल्याची तारीख आणि गाडी सुटल्याची तारीख.’ बोलतोय कागद, माणूस नाही. सोबत हिशोब ठेवा : अर्ध्या गाडीची जादा फेरी समजा हजार रुपये, आणि चाकणची ऑर्डर गेली तर महिन्याला किती. मालक हिशोबाचा पक्का असतो, एवढं दाखवलंत की ‘कोण बोललं’ हा प्रश्न मागे पडतो. तरीही विचारलंच तर सरळ सांगा : ‘साहेब, एक नाव दिलं तर उद्यापासून मला कोणी काही सांगणार नाही. आणि तुम्हालाही नाही.’

तीन, माणसाशी बोलायला सुरुवात करतानाच त्याला मर्यादा सांगायची. तुमचं नाव कुठे येणार नाही, पण एक गोष्ट मी पोटात ठेवणार नाही : कोणाच्या जिवाला किंवा हातापायाला धोका असेल ती. प्रेसचा सेन्सर बंद करून काम चाललंय, गार्ड काढून ठेवलाय, असं कळलं की मी त्याच दिवशी मालकाला सांगणार, रिपोर्टची वाट बघणार नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात, हे या पट्ट्यात कोणाला नव्याने सांगायला नको. हे आधीच स्पष्ट असलं की नंतर विश्वासघात वाटत नाही.

वहीचं काय? रेकॉर्डिंग मी शॉप फ्लोअरवर करत नाही, मोबाईल समोर ठेवला की आवाजच बदलतो. लहान वही, परवानगी विचारून. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा : डावीकडे तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. हे दोन एकत्र झाले की आठवड्याने तुम्हालाच कळत नाही, कोणतं त्याचं आणि कोणतं तुमचं. माणसांची नावं वहीत लिहू नका, तुमची तुम्हाला कळेल अशी खूण करा, वही टेबलावर राहू शकते. आणि त्याच रात्री सगळं नीट उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी तारखा गळालेल्या असतात, राहतात फक्त मतं.

सरावासाठी कारखाना लागत नाही. या आठवड्यात तुमच्या ओळखीच्या डेअरीत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा पोळी-भाजी केंद्रात जा, गर्दी नसेल तेव्हा. ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारू नका. ‘शेवटचं कुठलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं?’ असं विचारा. मग ‘म्हणजे?’ आणि ‘मग?’ एवढ्यावरच पंधरा मिनिटं काढा. घरी येऊन वहीचं पान दोन भागांत लिहून काढा, आणि उजवीकडचा भाग डावीकडच्यापेक्षा मोठा झाला असेल तर पुढच्या दुकानात जाऊन पुन्हा करा.